चित्र उतरवायचे, तर लेखी सांगा

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई
यांस खुले पत्र

आयुक्त महोदय,



आपल्या टेबलावर रोज येणाऱ्या कागदांत चित्रप्रदर्शनांचा विषय क्वचितच असेल. गुन्हे, वाहतूक, मोर्चे, गणपतीचा बंदोबस्त यांपुढे तो लहान वाटणे साहजिक आहे. तरीही हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. कुलाबा, काळा घोडा, फोर्टपासून भायखळ्यापर्यंतच्या कलादालनांत भिंतीवर काय टांगायचे आणि काय गुंडाळून ठेवायचे, हे कित्येकदा आपल्या खात्याचे नाव घेऊन ठरते. नाव घेणारा माणूस पोलीसच असतो असे नाही. नाव घेतले तरी पुरते.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. या शहरातल्या कोणत्याही प्रदर्शनातले कोणतेही चित्र, शिल्प किंवा मांडणीशिल्प तोंडी सूचनेवरून हटवायला सांगितले जाणार नाही, असे परिपत्रक आपण काढावे आणि ते जाहीर करावे. ज्याला एखादी कलाकृती बेकायदा वाटते, त्याने तक्रार द्यावी. पोलिसांना ती तशी वाटली, तर त्यांनी कलम आणि कारण लिहून आदेश द्यावा. त्यावर शेवटचा शब्द न्यायालयाचा असावा. याहून जास्त काही मी मागत नाही, आणि याहून कमी काही मागणे मला पटत नाही.

असा आग्रह का, ते या शहराच्याच इतिहासावरून सांगतो.

१९५४ साली अकबर पदमसी यांचे प्रदर्शन जहांगीर आर्ट गॅलरीत भरले होते. पदमसी तेव्हा २६ वर्षांचे होते आणि पॅरिसमध्ये काम करून आले होते. गॅलरीही नवी, जेमतेम दोन वर्षांची. प्रदर्शनात प्रेमी युगुलाची चित्रे होती. स्त्री-पुरुष शेजारी शेजारी, पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर. पोलिसांनी ती उतरवायला सांगितले. पदमसींनी नकार दिला. त्यांना अटक झाली, अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. सरकार अपिलात गेले, तेव्हा उच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.

तरुण चित्रकाराच्या आयुष्यात असा खटला म्हणजे मोठाच मनस्ताप. पण त्यातून मुंबईला एक गोष्ट मिळाली. चित्रातली नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे कोर्टाच्या कागदावर आले. आरोप उघड होता, आरोप करणारा उघड होता, चित्रकाराला उत्तर द्यायला जागा होती, आणि न्यायाधीशाला चित्र पाहून मत बनवावे लागले.

आता ७० वर्षे पुढे या. लंडनमधल्या लिलावांत विकत घेऊन आणलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि त्याच अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अश्लील ठरवून अडवल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्या. महेश सोनक आणि न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने २५ ऑक्टोबर २०२४ रोजी जप्तीचा आदेश रद्द केला आणि कलाकृती सोडून देण्यास सांगितले. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, हेच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. सूझा मूळचे गोव्यातल्या साळगावचे, आपल्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. १९४९ साली त्यांच्या नग्न आत्मचित्रावर तक्रार झाली, चित्र प्रदर्शनातून उतरले, आणि त्याच वर्षी सूझा लंडनला निघून गेले. त्यांच्या हातची चित्रे त्यांच्या मृत्यूनंतर या शहरात परत येताना पुन्हा त्याच आरोपात अडकली.

पण या दोन्ही खटल्यांचा मला दिसणारा मोठा धडा वेगळा आहे. १९५४ मध्ये खटला होता, २०२४ मध्ये लेखी आदेश होता, म्हणून न्यायालयाला निकाल देता आला. सीमाशुल्क अधिकाऱ्याने काय म्हटले, कोणत्या अधिसूचनेचा आधार घेतला, हे कागदावर नसते तर उच्च न्यायालयाने रद्द काय केले असते?

आज बहुतेक चित्रे अशा वाटेने उतरतच नाहीत. ती फोनवर उतरतात.

माझ्या ओळखीच्या एका चित्रकर्तीची गोष्ट सांगतो. दालनाचे आणि तिचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दालनाचा नाही. तिने कर्ज काढून भाडे भरले होते. चित्रे चादरींत आणि बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोने आणली होती. आदल्या रात्री फ्रेमवाल्याच्या माणसाबरोबर ती शिडीवर चढून दोऱ्या बांधत होती, चित्राचा मध्य माणसाच्या नजरेच्या रेषेत येतो की नाही हे मागे सरकून पाहत होती, चित्रांची नावे छापलेल्या चिठ्ठ्या पट्टी लावून चिकटवत होती. तिच्या एका चित्रात देवघराच्या मांडणीत घरातल्या बाईची आकृती बसवलेली होती. प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी दोघे आले, त्यांनी मोबाइलवर त्या चित्राचे फोटो काढले आणि न बोलता गेले. संध्याकाळी दालनाच्या व्यवस्थापकाला कुणाचा तरी फोन आला. रात्री दालन बंद झाल्यावर चित्र उतरले. सकाळी ती आली तेव्हा भिंतीवर दोन खिळे होते आणि खाली चित्राच्या नावाची चिठ्ठी तशीच होती. विचारल्यावर उत्तर मिळाले, "पोलिसांचं लचांड नको. उरलेली चित्रं तरी राहू देत."

फोन कुणाचा होता, हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. तो पोलिसांचा होता असे मी म्हणत नाही, बहुधा नसावा. पण भीती पोलिसांचीच दाखवली गेली आणि ती पुरली. या सगळ्या प्रकाराची कुठेही नोंद नाही. तक्रार नाही, स्टेशन डायरीत ओळ नाही, आवक-जावक क्रमांक नाही. तिने कुणाविरुद्ध दाद मागायची? कोणत्या आदेशाला आव्हान द्यायचे? पदमसींना निदान आरोपीचा पिंजरा मिळाला, तिथे उभे राहून त्यांना बोलता आले. हिला तेवढेही मिळाले नाही.

नाटकवाल्यांशी तुलना करून पाहा. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. ही पूर्वतपासणी मला मान्य नाही, पण तिथे मंडळ आहे, पत्र आहे, नकाराला उत्तर आहे. म्हणूनच विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर आक्षेप आले तेव्हा नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात जाऊ शकले आणि जिंकले. चित्राला तर कायद्याने कोणतीच पूर्वपरवानगी लागत नाही. कागदोपत्री चित्रकार नाटककारापेक्षा मोकळा आहे. प्रत्यक्षात त्याच्यावर चालणारी तपासणी कुठल्याच मंडळाची नाही आणि तिच्या नकारावर कुणाचीच सही नसते.

आता हुसेन यांच्याकडे येतो, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मले, मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून मोठे झाले. १९९६ नंतर त्यांच्या चित्रांवरून त्यांच्यावर ठिकठिकाणी खटले भरले गेले. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईतल्या घरात घुसून नासधूस झाली. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्या. संजय किशन कौल यांनी त्यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. नव्वदीतल्या चित्रकाराने आपल्या घरी कॅनव्हाससमोर असायला हवे, असे त्या निकालपत्राच्या शेवटी म्हटले आहे. निकाल बाजूने लागूनही हुसेन परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. न्यायालयाने दिलेले स्वातंत्र्य रस्त्यावर टिकवायला कुणी उभे राहिले नाही, तर काय होते त्याचे हे उदाहरण आहे. ते उभे राहणे हे पोलिसांचे काम होते.

आणि ते जमतही नाही असे नाही. जून २०२५ मध्ये हुसेन यांच्या २५ चित्रांचा लिलाव न्यायालयाच्या परवानगीने याच मुंबईत झाला. तो शांततेत पार पडला, याचे मला समाधान आहे. पण मग प्रश्न पडतो. कोट्यवधी रुपये मोजणाऱ्यांसाठी हुसेन यांची चित्रे या शहरात सुरक्षित राहू शकतात, तर जहांगीरमध्ये तिकिटाशिवाय शिरणाऱ्या प्रेक्षकासाठी ती का राहू नयेत? फोर्टातल्या कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत आलेला कारकून, शाळेची सहल, बाहेरच्या फुटपाथवर स्वतःची चित्रे मांडून बसलेला तरुण चित्रकार, हे त्या दालनाचे खरे मालक आहेत. चित्र फक्त विकत घेण्यापुरते मोकळे राहिले, तर कला या शहराची राहणार नाही.

आपण म्हणाल, लोकांच्या भावनांचे काय? हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. एखादे चित्र पाहून मन खरोखर दुखावू शकते. ज्याचे दुखावले, त्याला ते बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. दालनाच्या दाराशी अभिप्रायवही असते, तिच्यात लोक फार रागाने लिहितात आणि चित्रकार ते रात्री बसून वाचतात. वर्तमानपत्रात पत्र लिहिता येते, दाराबाहेर शांततेने फलक धरता येतो, पोलिसांत तक्रार देता येते, न्यायालयात जाता येते. आत न शिरण्याचा मार्ग तर सगळ्यांनाच खुला आहे. यातला एकही हक्क कमी व्हावा असे मला वाटत नाही. माझा आक्षेप दुसऱ्याने काय पाहायचे हे परस्पर ठरवण्याला आहे.

शिवाय आपली माणसे दिसतात तितकी हळवी नाहीत. कार्ल्याच्या लेण्यात जाऊन पाहा. चैत्रात एकविरेच्या यात्रेला कोळी, आगरी कुटुंबे पालख्या घेऊन डोंगर चढतात. देवीचे देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, दारांच्या मधल्या जागेत, जवळजवळ माणसाच्या उंचीची स्त्री-पुरुषांची युगुले कोरली आहेत. गळ्यात, हातांत, कमरेला भरपूर दागिने आणि अंगावर नावापुरते वस्त्र. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ती उभी आहेत. त्यांच्यासमोरून बायका कडेवर लेकरे घेऊन जातात, म्हातारी माणसे सावलीला टेकतात. कुणाच्या भक्तीत बाधा आल्याचे मी पाहिले नाही. जुन्या शिल्पांना अश्लीलतेच्या कलमातून कायद्यानेच वगळले आहे, आणि त्याच कलमात कलेच्या हितासाठी केलेल्या निर्मितीलाही सूट आहे. जी नजर कार्ल्याला जाते, तीच काळ्या घोड्यालाही येते. तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप शांततेचा. १९९२-९३ च्या दंगलींतली मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांच्यापुढे शांततेचे मोल मी काय सांगणार? पण याच बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच, रंगराजन खटल्यात, एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने स्पष्ट केले आहे की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही आणि जमावाला आवरता येत नाही हे राज्याचे उत्तर होऊ शकत नाही. धमकी देणाऱ्याच्या सांगण्यावरून चित्र उतरवले की त्या दिवशी शांतता राहते खरी. पुढच्या वेळी धमकी देणारे दुप्पट येतात, कारण धमकी चालते हे त्यांना कळलेले असते.

मी मागतो ते परिपत्रक कायद्यात आधीच असलेल्या गोष्टींवर उभे राहू शकते. म्हणून त्यात काय असावे, हेही सुचवतो.

पहिली गोष्ट, तक्रार आली तर ती रीतसर नोंदवून पोच द्यावी, आणि तिची प्रत चित्रकार व दालन या दोघांना मिळावी. चित्रावर आरोप काय आहे, हे चित्रकाराला सगळ्यात शेवटी कळते. ते सगळ्यात आधी कळायला हवे.

दुसरी, भावना दुखावल्याचे किंवा तेढ वाढवल्याचे म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ आणि १९६ खालचे आरोप असतील, तर गुन्हा नोंदवण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी व्हावी. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात, एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत हीच वाट योग्य असल्याचे सांगितले आहे. बोलण्याचा परिणाम कणखर, विचारी माणसाच्या मापाने जोखावा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या मापाने नव्हे, असेही त्या निकालात आहे.

तिसरी, आरोप अश्लीलतेचा असेल, तर अवीक सरकार खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचावी. कलाकृती एकसंध पाहायची, तुकडा तोडून पाहायची नाही, आणि ती आजच्या समाजाच्या मापाने जोखायची. आपल्या अधिकाऱ्याला हे एकट्याने ठरवावे लागू नये. जे. जे. जवळ आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, भायखळ्याला महापालिकेचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथल्या जाणकारांचे लेखी मत मागवण्याची रीत पाडता येईल.

चौथी, कलाकृती सरकारजमा करायचीच असेल तर त्याचीही वाट कायद्यात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ प्रमाणे राज्य सरकारने कारणे देऊन अधिसूचना काढायची, आणि ज्याला ती अमान्य आहे त्याने दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जायचे. ज्या कायद्याने राज्य सरकारलाही कारणे लिहायला लावली आहेत, त्याच्या राज्यात एका फोनला एवढा अधिकार कसा असू शकतो?

पाचवी, दाराशी जमाव आला तर बंदोबस्त प्रदर्शनाला मिळावा. जिवाला खरोखर धोका असेल आणि दालन काही तास बंद करावे लागले, तर तेही लेखी असावे आणि ते पुन्हा केव्हा उघडेल हे त्यातच लिहिलेले असावे. मालमत्तेची नासधूस करणाऱ्यावर गुन्हा त्याच दिवशी नोंदवला जावा.

हे परिपत्रक मराठीत, एका पानाचे, साध्या शब्दांत असावे. ते प्रत्येक पोलीस ठाण्यात लागावे आणि प्रत्येक कलादालनाला मिळावे. त्याचा उपयोग आपल्या शिपायाला होईल, कारण त्याच्यावर कुणी दबाव आणला तर दाखवायला त्याच्याकडे कागद असेल. आणि सर्वांत जास्त उपयोग त्या व्यवस्थापकाला होईल, ज्याला रात्री अनोळखी फोन येतो. तेव्हा तो म्हणू शकेल, "आयुक्तांचे परिपत्रक आहे. लेखी आणा."

या शहरातल्या कलेच्या गळचेपीला एकटे आपले खाते जबाबदार आहे, असे मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. तिथे स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल बोलणाऱ्या अमोल पालेकरांना भाषण सुरू असताना टोकण्यात आले. तिथे पोलिसांचा काहीही संबंध नव्हता. खासगी दालनेही वाद नको म्हणून चित्रे निवडतानाच गाळतात. चित्रकार स्वतः ब्रश उचलण्याआधी हात आखडता घेतात. न काढलेल्या या चित्रांची नोंद कुठल्याच कॅटलॉगमध्ये होत नाही. यातले बरेच दुरुस्त करणे आम्हा कलेच्या जगातल्या लोकांचे काम आहे, आणि ते आम्ही केले पाहिजे. पण भीतीच्या या साखळीची एक कडी आपल्या हातात आहे. पोलिसांचे नाव घेऊन चित्र उतरवता येते, ही ती कडी. ती आपण एका सहीने तोडू शकता.

प्रत्येक चित्र थोर असते असा माझा दावा नाही. पुष्कळ चित्रे सामान्य असतात, काही निव्वळ खळबळीसाठी काढलेली असतात. वाईट चित्राला हरवायला चांगले चित्र आणि निर्भीड समीक्षा लागते, आणि त्या दोन्हींना मोकळी भिंत लागते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप १९४७ मध्ये या शहरात उभा राहिला, तेव्हा त्यात गोव्याचा सूझा, पंढरपूरचा हुसेन, मध्य प्रदेशातला रझा, हैदराबादेकडचा आरा आणि गाडे, बाकरे हे मराठी कलावंत एकत्र होते. वेगवेगळ्या धर्मांची, जातींची, भाषांची ही माणसे एकमेकांना मुंबईत सापडली, कारण इथे येऊन काही वेगळे करून पाहता येत होते. ती शक्यता हाच या शहराचा मोठेपणा आहे, आणि तिचे रक्षण करणे मला कायदा-सुव्यवस्थेचेच काम वाटते.

महोदय, परिपत्रक काढायला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही, विधिमंडळाची मंजुरी लागत नाही. पावसाळा सरला की दालनांचा हंगाम सुरू होतो, मुंबईबाहेरून, गावोगावाहून चित्रकार आपली चित्रे घेऊन इथे येतात. त्याआधी ते निघावे, ही विनंती. आपण ते काढणार नसाल, तर त्याचे कारणही आम्हाला लेखी कळवावे.

आपला विश्वासू,
मुंबईच्या प्रदर्शनांचा एक नेहमीचा प्रेक्षक